‘तू म्हणालीस म्हणून घेतले’

प्रश्न : मी पिंपळे सौदागरला राहते, वय ३७. हिंजवडीत एका मोठ्या आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करते. आमच्या सोसायटीतले दहा-बारा जण दर रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये जमतो, शेअर बाजारावर बोलतो. आठवडाभर तेच व्हॉट्सअ‍ॅपवर चालू असतं. मी या क्षेत्रातली, म्हणून आयटी शेअरचा विषय निघाला की सगळे मलाच विचारतात. मीही मन लावून लिहिते. तिमाही निकाल, हातातल्या ऑर्डर, कुठे भरती चालू आहे, आमच्याकडे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, किती जण बसलेत, सगळं सांगते. दीड वर्षापूर्वी मी एका मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या, आयटी कंपनीबद्दल लिहिलं, ‘मी घेतलाय, दोन वर्षांत दुप्पट व्हायला हरकत नाही.’ समोरच्या विंगमध्ये भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी पीएफ-ग्रॅच्युइटीतले ११ लाख त्या एकाच शेअरमध्ये घातले. मला हे गेल्या महिन्यात कळलं. आज त्यांचे ७ लाख उरलेत. माझे स्वतःचे ६० हजार होते. त्यातले निम्मे मी भाव वर असतानाच विकले, ते ग्रुपवर लिहायचं राहून गेलं. काका एवढंच म्हणाले, ‘तू म्हणालीस म्हणून घेतले, पण तू काही मुद्दाम केलं नाहीस.’ लिफ्टमध्ये काकू भेटल्या की मान वर करवत नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. काकांचं नुकसान मी भरून द्यावं का? कट्ट्यावरचे म्हणतात, पडल्या भावात अजून घेऊन अ‍ॅव्हरेज करा, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली येईल. ते बरोबर आहे का? मी यापुढे बोलणंच बंद करू का? एक मित्र तर उलट म्हणतो, तू छान लिहितेस, पैसे घेऊन चॅनेल काढ.

उत्तर :

ताई,

एक वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात. निम्मे विकले आणि ते लिहायचं राहून गेलं. माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. तुमचा अभ्यास कच्चा होता, असं मला वाटत नाही. पक्का अभ्यास करणाऱ्यांचेही शेअर पडतात. सत्यम या आयटी कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. पुढच्या ७ जानेवारीला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं आणि त्या एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशांहून जास्त कोसळला. पदरी विश्लेषकांची फौज असलेल्या संस्थांचेही पैसे त्यात होते. तेव्हा अंदाज चुकला म्हणून स्वतःला फार कोसू नका.

पण तुम्ही घेतल्याचं सांगितलंत आणि विकल्याचं सांगितलं नाहीत. काकांच्या लेखी तुम्ही अजून त्याच शेअरमध्ये, त्यांच्या शेजारीच होतात. भाव घसरत असताना त्यांनी स्वतःला काय समजावलं असेल याची कल्पना करा : ‘पोरगी याच धंद्यातली आहे, ती अजून थांबलीय, म्हणजे काहीतरी असेल.’ तुम्ही मुद्दाम लपवलं नाही हे मला पटतं. विकण्यात चूक काहीच नव्हती; नफा घेणं हा तुमचा हक्क. मात्र जो माणूस आपलं ऐकून आत गेला, त्याला आपण बाहेर पडल्याचं कळायला हवं होतं.

दुसरी गोष्ट रकमेची. तुमचे ६० हजार हे चालू पगारातून बाजूला पडलेले पैसे. गेले असते तर वर्षभर हळहळ वाटली असती, इतकंच. काकांचे ११ लाख म्हणजे भोसरीतली सगळी नोकरी. शेअर एकच, भाव जवळपास तोच; जोखीम मात्र दोघांची वेगळीच होती, आणि ग्रुपवरच्या तुमच्या ओळीत ती कुठेच दिसत नव्हती. ‘मी घेतलाय’ या दोन शब्दांत किती घेतलाय, कुठल्या पैशातून घेतलाय, कधीपर्यंत थांबणार आहे, यातलं काहीच येत नाही. ऐकणारा ती मोकळी जागा आपल्या मनाने भरतो.

पुण्यातल्या लोकांना ३० नोव्हेंबर २०२३ चा दिवस आठवत असेल. टाटा टेक्नॉलॉजीजचा शेअर त्या दिवशी बाजारात आला. कंपनी हिंजवडीतली, नाव टाटांचं, त्यामुळे कितीतरी घरांत अर्ज भरले गेले होते. इश्यूचा, म्हणजे अर्जदारांना शेअर मिळाला तो, भाव ५०० रुपये. उघडला १,२०० ला आणि दिवसभरात १,४०० पर्यंत गेला. ज्याला ५०० ने लॉट लागला होता तो दुपारी म्हणत होता, शेअर जबरदस्त आहे. ते खरंच होतं. ज्याने ते ऐकून १,३५० च्या आसपास घेतला, त्याच्या हाती आलेलं सत्य निराळं निघालं, कारण पुढच्या दोन वर्षांत १,४०० चा भाव पुन्हा दिसला नाही आणि २०२५ मध्ये तो ७०० च्याही खाली गेला. दोघे एकाच कंपनीबद्दल, एकाच दिवशी बोलत होते. खोटं कुणीच बोललं नाही. पण पहिल्याने आपला ५०० चा भाव सांगितला असता तर दुसऱ्याने क्षणभर तरी विचार केला असता.

आता नुकसान भरून देण्याबद्दल. देऊ नका. कायद्याने तुमच्यावर ते बंधन नाही. तुम्ही पैसे घेतले नव्हते, काकांचा डीमॅट चालवत नव्हता, कुठली हमी दिली नव्हती. आणि माणुसकीच्या बाजूनेही मला ते योग्य वाटत नाही. चार लाखांचा चेक घेऊन समोरच्या दारात उभ्या राहिलात तर काका तो घेणार नाहीत, आणि घेतलाच तर त्या दिवसापासून तुमच्यात शेजार उरणार नाही, देणेकरी-घेणेकरी उरतील. शिवाय शेअर उद्या वर आला तर काय करायचं, याचं उत्तर तुम्हा दोघांकडेही नसेल.

तुम्ही त्यांचं देणं लागता ते वेगळं. एक म्हणजे खरं सांगणं. या आठवड्यातच जा आणि सांगा, ‘काका, मी त्यातले निम्मे अमुक महिन्यात अमुक भावाला विकले होते. तुम्ही घेतलेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण मी ग्रुपवर लिहायला हवं होतं.’ दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. दुसरं, त्यांना तुमचा वेळ द्या. एक अख्खी दुपार काढा आणि त्यांच्यासोबत हिशेबाला बसा. आणि एक गोष्ट हळूच, एकटे असताना विचारा : काकूंना हे ठाऊक आहे का? तुमच्या पत्रावरून मला शंका येते की नसावं. निवृत्तीच्या पैशातलं नुकसान बायकोपासून लपवणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. ती मग ते भरून काढायच्या नादात ऑप्शनकडे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या जोखमीच्या सौद्यांकडे, वळतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनेच २०२४ मध्ये आकडे मांडले आहेत : आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. काका त्या वाटेला गेलेले नाहीत ना, एवढं नक्की पाहा. काकूंना मात्र काकांनीच सांगायचं. तुम्ही सांगू नका.

हिशेबाला बसाल तेव्हा शेअरचा चार्ट उघडू नका. आधी बँकेचं आणि पोस्टाचं पासबुक, पेन्शनचा आकडा आणि महिन्याचा खर्च काढा. कारखान्यातल्या माणसाची ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन बहुतेक वेळा तुटपुंजी असते, म्हणजे घर या साठलेल्या पैशावरच चालतं. ऑपरेशनला किती लागणार? मेडिक्लेम चालू आहे, की तो नोकरीसोबत संपला? पुढच्या तीन वर्षांत पेन्शनच्या वर किती पैसे लागतील? ही बेरीज जेवढी येईल तेवढी रक्कम शेअरमधून काढावी, भाव काहीही असो. वाईट भावात विकल्याचं दुःख होईल, ते सोसावं. ज्या पैशावर डॉक्टरांची तारीख लागली आहे तो पैसा शेअरमध्ये ठेवायचा नाही, याबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही. काका साठीच्या पुढचे असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं आणि २०२३ पासून दर ८.२ टक्के राहिला आहे. अकरा लाख तिथे असते तर तिमाहीला साधारण साडेबावीस हजार आले असते. हे काकांना टोचायला म्हणून सांगू नका. उरलेल्या पैशाचं काय करायचं ते ठरवताना समोर असू द्या.

त्यातूनही काही शेअर उरले तर ते ठेवायचे की विकायचे? कंपनीचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं आहे, पण मी ते इथे छापत नाही आणि तिचं भविष्यही सांगत नाही. पडलेला शेअर वर येतो आणि येतही नाही, दोन्ही प्रकार या क्षेत्राने दाखवले आहेत. १२ एप्रिल २०१३ ला इन्फोसिसने पुढच्या वर्षीच्या वाढीचा अंदाज ६ ते १० टक्के इतकाच दिला आणि शेअर एका दिवसात २१ टक्के पडला. तेव्हा घाबरून विकणाऱ्यांनी वर्ष संपायच्या आत तो आधीच्या भावाच्याही वर गेलेला पाहिला. उलट २००० साली जे सॉफ्टवेअर शेअर हातोहात खपत होते, पेंटामीडिया ग्राफिक्स, सिल्व्हरलाइन, डीएसक्यू सॉफ्टवेअर, त्यांचे भाव जे कोसळले ते पुन्हा सावरलेच नाहीत. तुमच्या कट्ट्यावर इन्फोसिसचा तो मेसेज नक्की येत असणार : १९९३ मध्ये ९५ रुपयांनी १०० शेअर घेतले असते तर आज किती कोटी झाले असते. आकडेमोड खरी असते. पण त्याच काळात डीएसक्यू घेतलेल्याचा हिशेब कुणी फॉरवर्ड करत नाही, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की थांबलं की पैसे होतातच. काकांच्या थांबण्यात या मेसेजचाही वाटा असेल.

अ‍ॅव्हरेज करण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. हिशेब मांडून दाखवा. आज ११ चे ७ झालेत, मुद्दल परत यायला शेअर ५७ टक्के चढायला हवा. आणखी ४ लाख घातले तर १५ गुंतवून ११ लाखांचे शेअर हाती येतात आणि मुद्दल सुटायला ३६ टक्के पुरतात. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून तर हा सल्ला चालतो. पण शेअर आणखी ३६ टक्के पडला तर १५ चे ७ राहतात, आणि ते चार लाख ज्या एफडीतून आले असते ती एफडीही गेलेली असते. ज्याचा पगार चालू आहे, ज्याच्या हातात दहा वर्षं आहेत, त्याला हा धोका परवडू शकतो. काकांना नाही. त्यांना एकच विचारा : आज हातात ७ लाख रोख असते तर ते सगळे तुम्ही या एका शेअरमध्ये टाकले असते का? ते ‘नाही’ म्हणाले तर पुढचं आपसूक ठरेल. तोट्यात विकल्यावर विवरणपत्र मात्र मुदतीत भरायला सांगा. वर्षाहून जुन्या शेअरवरचा तोटा दीर्घ मुदतीचा धरतात, पुढची आठ वर्षं तो दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो, पण विवरणपत्र वेळेत गेलं असेल तरच.

आणखी एका गोष्टीने मला तुमची काळजी वाटली. ‘आमच्याकडे बेंचवर किती जण बसलेत’ हे तुम्ही ग्रुपवर लिहिता. हे आजपासून थांबवा. तुम्ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत काम करता. भावावर परिणाम करणारी आतली माहिती जाहीर होण्याआधी बाहेर देणं सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार गुन्हा ठरतो, आणि त्या माहितीच्या यादीत २०२५ पासून नेहमीच्या व्यवहारापलीकडचं मोठं कंत्राट मिळणं किंवा तुटणं हेही स्पष्टपणे आलं आहे. दंड दहा लाखांपासून सुरू होतो. २०१७ मध्ये काही नामांकित कंपन्यांचे तिमाही आकडे निकालाआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्याचं उघड झालं, तेव्हा सेबीने लोकांचे फोन ताब्यात घेऊन तपासले. काहींचे दंड पुढे अपिलात रद्द झाले, पण सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०२२ उजाडलं. तुम्हाला त्या रांगेत उभं राहायचं नाही. तुमच्या कंपनीत तुमचं नाव आतली माहिती हाताळणाऱ्यांच्या विशेष यादीत आहे का, हेही पाहून घ्या. असेल तर तिमाही संपल्यापासून निकालानंतरच्या ४८ तासांपर्यंत स्वतःच्या कंपनीच्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही, आणि हे बंधन घरच्यांनाही लागू होतं.

शिवाय या माहितीला तुम्ही समजता तेवढी किंमत नाही. तुमच्या मजल्यावर चाळीस जण रिकामे बसलेत यावरून तीन-तीन, पाच-पाच लाख कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांबद्दल काय कळणार? या कंपन्यांचं निम्म्याच्या आसपास उत्पन्न अमेरिकेतून येतं. तिथल्या बँका, विमा कंपन्या, किरकोळ विक्रीची साखळी दुकानं यंदा खर्चाला हात सैल सोडणार का, यावर तिमाही ठरते. ते तुमच्या कॅन्टीनमध्ये दिसत नाही. आतला माणूस म्हणून लोक तुमच्यावर विश्वास टाकतात, पण तुमच्याकडचं जे खरोखर कामाचं आहे ते वेगळं आहे : निकालासोबत आलेला कागद तुम्हाला समजतो. डॉलरमधली वाढ आणि चलनाचा फरक काढून टाकलेली वाढ यांत अंतर का पडतं, नवी कंत्राटं जुन्याचीच मुदतवाढ आहेत की खरंच नवी, मार्जिन (नफ्याचं प्रमाण) रुपया घसरल्यामुळे सुधारलं की कामामुळे, हे तुम्ही काकांसारख्या माणसाला दहा मिनिटांत समजावू शकता. ते सगळं जाहीर असतं. ते जरूर सांगा.

म्हणून बोलणं बंद करू नका. तुम्ही गप्प बसलात तर कट्ट्यावर ती जागा टार्गेट फेकणारा कुणीतरी घेईल. लिहा, पण पुढच्या वेळी साधारण असं : ‘अमुक कंपनी. माझे ६० हजार आहेत, माझ्या एकूण शेअरच्या दहा टक्के. अमुक तारखेला अमुक भावाने घेतले. कारण, युरोपातल्या वाहन कंपन्यांची कामं वाढताना दिसताहेत. पुढच्या दोन तिमाहींच्या आकड्यांत ती वाढ आली नाही तर मी विकणार. हे पैसे मला पाच वर्षं लागणार नाहीत. मी याच क्षेत्रात नोकरी करते, त्यामुळे माझं मन इकडे झुकतं, हे धरून चाला.’ आणि विकाल त्या दिवशी त्याच मेसेजला उत्तर म्हणून लिहा : ‘निम्मे आज विकले, भाव अमुक, कारण अमुक.’ दुप्पट, तिप्पट हे शब्द काढून टाका. असं लिहिलेलं वाचून कुणी ११ लाख लावायला निघाला तर निदान तुम्हाला फोन करून विचारेल.

तो झुकाव तुमच्या स्वतःच्या पैशातही आहे, हे सांगायला हवं. पगार आयटीतून, शेअर आयटीचे, आणि हिंजवडीच्या जवळ फ्लॅट असेल तर त्याचा भावही आयटीवरच. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांवर लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं, सप्टेंबरमध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. अशा बातमीच्या दिवशी तुमच्यासारख्यांची नोकरीची धाकधूक आणि डीमॅटमधला लाल रंग एकदमच येतात. तुमच्या गुंतवणुकीत आयटी जितकी कमी असेल तितकं बरं, मग हे क्षेत्र तुम्हाला कितीही कळत असो.

राहिला मित्राचा चॅनेलचा सल्ला. पैसे घेऊन शेअरच्या शिफारशी द्यायच्या तर सेबीकडे रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. त्यासाठी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा द्यावी लागते. आता दुसरी नोकरी सांभाळून अर्धवेळ नोंदणीही अटींसह करता येते. तुम्हाला हे काम खरोखर आवडत असेल तर ती परीक्षा द्या; त्या अभ्यासाचा उपयोग चॅनेल काढलं नाही तरी होईल. नोंदणी होईपर्यंत कुणाकडून एक रुपयाही घेऊ नका, ‘फक्त शिकवण्याचे पैसे घेते’ असं म्हणूनही नाही. आणि फॉर्म भरण्याआधी नेमणूकपत्र काढून बघा. बाहेरच्या कामासाठी कंपनीची लेखी परवानगी लागते असं त्यात असेल, तर ती आधी मागा.